शासकीय कर, खर्च आणि तूट : मुक्त बाजारवादी टीकेची खडकवासला प्रकल्पाच्या संदर्भात चिकित्सा

गोषवारा

शासनाचा करभार, वाढता खर्च आणि अर्थसंकल्पीय तूट यांवर मुक्त बाजारवादी अर्थविचाराने घेतलेल्या आक्षेपांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी पुण्याजवळील खडकवासला प्रकल्पाचा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव आधारभूत मानला आहे. या टीकेने विचारलेले प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु तिने दिलेली सर्व उत्तरे स्वीकारार्ह नाहीत. करांवरील टीकेची महाराष्ट्रातील परंपरा ‘शासन लहान असावे’ या सूत्रापेक्षा ‘कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले’ या सूत्रावर उभी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सार्वजनिक वित्त, तुटीचा अर्थभरणा, पाणीपट्टी, सिंचन, राखीव कर.

१. प्रस्तावना

ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात राजसत्तेची तीन कर्तव्ये सांगितली आहेत : परचक्रापासून संरक्षण, न्यायदान आणि खाजगी व्यक्तीला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक बांधकामे. मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते शासनाच्या मर्यादा सांगताना या यादीचा आधार घेतात. खडकवासला परिसरात या यादीतील दोन कर्तव्ये शेजारी शेजारी उभी दिसतात. १९५५ साली औपचारिक उद्घाटन झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे पहिल्या कर्तव्याचे, तर १८६९ ते १८७९ या काळात बांधलेले मुठा नदीवरील धरण हे तिसऱ्या कर्तव्याचे उदाहरण होय. याखेरीज १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचन विभागातून उगम पावलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रही येथेच आहे. त्यामुळे शासकीय खर्चाविषयीच्या सर्वसाधारण सिद्धांताची पारख करण्यास हे स्थळ सोयीचे ठरते.

संरक्षणावरील खर्चाविषयी बाजारवादी विचारवंतांत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो धरण, कालवा आणि पाणी यांविषयी. म्हणून प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याभोवती केंद्रित केले आहे.

२. टीकेची मांडणी

शासकीय वित्तव्यवहारावरील बाजारवादी टीकेचे तीन मुद्दे सांगता येतात. पहिला, कर म्हणजे सक्तीने घेतलेली किंमत असून ती देणाऱ्याला मोबदल्यात काय मिळाले हे कळत नाही. दुसरा, सार्वजनिक खर्चाचा लाभ थोड्यांच्या पदरात ठळकपणे पडतो आणि त्याचा बोजा मात्र अनेकांवर अदृश्यपणे विभागला जातो. त्यामुळे खर्च वाढविण्यासाठी झगडणारे संघटित असतात आणि तो थांबविण्यासाठी कोणी पुढे येत नाही. जेम्स ब्यूकॅनन यांना १९८६ साली नोबेल पुरस्कार मिळाला तो याच दिशेच्या राजकीय अर्थचिंतनासाठी. तिसरा, तूट ही खर्चाची किंमत लपविण्याची युक्ती आहे. जो कर आज लावण्याचे धाडस होत नाही, तो महागाईच्या किंवा कर्जाच्या रूपाने उद्या वसूल होतो.

भारतात ही भूमिका नव्वदच्या दशकात प्रथम अवतरली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत १,२०० कोटी रुपयांच्या तुटीच्या अर्थभरण्याची तरतूद होती. त्या योजनेच्या आराखड्याविषयी अर्थतज्ज्ञ मंडळातील बी. आर. शेणॉय यांनी १९५५ साली स्वतंत्र मतपत्रिका जोडून इशारा दिला होता. त्याच वर्षी मिल्टन फ्रीडमन यांनी भारत सरकारला टिपण सादर केले. त्यावेळी अर्थमंत्रिपदी चिंतामणराव देशमुख होते. १९५६ साली मुंबईत ए. डी. श्रॉफ यांच्या पुढाकाराने ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापन झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र ही भूमिका पोहोचविली ती शरद जोशी यांनी. चाकणच्या कांदा आंदोलनापासून १९९४ सालच्या स्वतंत्र भारत पक्षाच्या स्थापनेपर्यंत त्यांची मांडणी एकच होती : शासन शेतकऱ्याला अनुदान देते हा भ्रम असून निर्यातबंदी, लेव्ही आणि भावनियंत्रण यांद्वारे ते त्याच्याकडून काढून घेते. उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींच्या वेळी भारताच्या शेतीला मिळणाऱ्या आधाराची बेरीज उणे आली, तेव्हा या मांडणीला आकड्यांचे पाठबळ मिळाले. अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर न दिसणारा हा कर उघड करणे, ही शरद जोशी यांची सार्वजनिक वित्तविचारातील महत्त्वाची भर म्हणावी लागेल.

३. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

करांच्या ओझ्यावर बोट ठेवणारी परंपरा महाराष्ट्रात याहूनही जुनी आहे. खडकवासला धरणाच्या कामाशी महात्मा फुले यांचा ठेकेदार म्हणून संबंध आल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. हंटर आयोगापुढील १८८२ सालच्या निवेदनात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. म्हणजे सार्वजनिक बांधकामाचा पैसा कसा वाहतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, लोकल फंड, जकात आणि पाणीपट्टी यांचा जो हिशेब त्यांनी मांडला, त्यामागे हा अनुभव आहे. कर शेतकऱ्याकडून घ्यायचा आणि त्याचा विनियोग नोकरशाहीचे पगार व निवृत्तिवेतन यांवर करायचा, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाला त्यांनी एकट्याने विरोध केला आणि ती रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे सुचविले, ही घटना प्रसिद्ध आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या २६ मार्च १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणाचे सूत्र याच्याशी जुळते. दुष्काळ आणि प्लेग यांनी रयत गांजलेली असताना तिजोरीत शिल्लक पडणे हे सुस्थितीचे लक्षण नसून अवाजवी करआकारणीचा पुरावा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपये झाली. पुढे १९०५ आणि १९०७ साली मिठाचा कर आणखी उतरून एक रुपयावर आला. अर्थसंकल्पावरील टीकेने गरिबाच्या ताटातील जिन्नस स्वस्त झाल्याचे हे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२३ सालच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात चलननिर्मितीबाबत शासनाच्या स्वेच्छाधिकारावर अविश्वास व्यक्त झाला आहे. बाजारवादी लेखक त्याचा आवर्जून दाखला देतात.

तथापि या तिघांनाही बाजारवादी परंपरेचे पूर्वसूरी ठरविणे हा एकांगीपणा होईल. फुल्यांना लिटनच्या कमानी नको होत्या, पण तलाव, बंधारे आणि शाळा हव्या होत्या. गोखल्यांनी मिठाचा कर कमी करण्याची मागणी केली आणि १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही मांडले. आंबेडकरांनी चलनाबाबत शासनाचे हात बांधण्याचा आग्रह धरला आणि १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती व प्रमुख उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत, अशी मागणीही केली. तिघांच्याही विचारात शासनाच्या आकाराला दुय्यम स्थान आहे. प्रश्न आहे तो देणारा आणि घेणारा यांच्या नात्याचा.

४. कालव्याचा हिशेब

स्मिथने जलवाहतुकीचे कालवे आणि रस्ते यांत एक सूक्ष्म फरक केला आहे. कालव्याची निगा राखली नाही तर तो बंद पडतो आणि मालकाचे उत्पन्न थांबते. म्हणून कालव्याची जकात खाजगी मालकाकडे सोपविली तरी चालेल. रस्ता मात्र दुर्लक्षित झाला तरी वाहतूक पूर्णपणे थांबत नाही. मालक जकात घेत राहील आणि खड्डे बुजविणार नाही.

मुठेचा सिंचन कालवा या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात मोडतो? नाव कालव्याचे असले तरी त्याची वागणूक स्मिथच्या रस्त्यासारखी आहे. अस्तर झिजले, गाळ साचला, गळती वाढली, तरी हवेलीतील शेताला पाणी मिळत राहते. ते मिळेनासे होते ते दौंडच्या पुढे, इंदापूरच्या शेवटच्या चारीला. नवीन मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांब आहे. त्याच्या मुखाशी बसलेल्याला देखभालीची निकड नाही आणि पुच्छाशी बसलेल्याच्या हाती दरवाजा नाही. पाणीपट्टीचा भरणा आणि पाण्याची पोच यांचा संबंध तुटला की कर भरणारा ग्राहकही राहत नाही आणि नागरिकही राहत नाही. ‘पट्टी घेतली, पाण्याची हमी कोणी द्यायची’ हा ‘असूड’मधील प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही.

देखभालीकडील दुर्लक्षाची किंमत पुणे शहरानेही मोजली आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहत–दांडेकर पूल भागात हाच कालवा फुटला आणि शेकडो कुटुंबांचे संसार पाण्यात गेले. त्याआधी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटून त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणालाही खिंडार पाडले होते. ठरलेल्या वेळेआधी पानशेतमध्ये पाणी अडविण्याची घाई त्या दुर्घटनेच्या मुळाशी होती. टेमघर धरण बांधल्यानंतर अल्पावधीतच त्याच्या गळतीचा प्रश्न उभा राहिला आणि २०१७ पासून दुरुस्तीवर वेगळा निधी खर्च करावा लागला. निर्णय घेणारा तोटा सोसत नाही, तोटा सोसणाऱ्याला निर्णयात स्थान नसते, हे बाजारवादी निदान या तिन्ही घटनांना लागू पडते.

याउलट काटकसरीचा दाखलाही येथेच आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली याच धरणावर बसविण्यात आले. धरणाची उंची न वाढविता साठा वाढविण्याची ती योजना होती. नवे बांधण्यापूर्वी असलेल्याची क्षमता वाढवावी, हा धडा त्यानंतरच्या काळात विस्मरणात गेला.

शहर आणि शेती यांच्यातील वाटपाचा प्रश्न याहून बिकट आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. पुणे शहर मंजूर कोट्यापेक्षा अधिक पाणी उचलते, ही बाब महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे वारंवार आली आहे. २००५ च्या कायद्याने पाण्याचा हक्क निश्चित करण्याची आणि मर्यादित प्रमाणात तो हस्तांतरित करण्याची चौकट दिली होती. बाजारवाद्यांनी तिचे स्वागत करणे स्वाभाविक होते. परंतु २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला. शहराला पाणी हवे असेल तर त्याने ते इंदापूरच्या शेतकऱ्याकडून किंमत देऊन घ्यावे, ही कल्पना कागदावरच राहिली. प्रत्यक्षात पाणी गेले आणि मोबदला मिळाला नाही. करासारखीच ही वसुली आहे, फक्त तिची पावती फाडली जात नाही.

५. तूट आणि रोखे

कृष्णा खोऱ्यातील हिश्शाचे पाणी २००० सालापूर्वी अडविण्याच्या उद्देशाने १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने रोखे विकून भांडवल उभारले व त्यास राज्य शासनाने हमी दिली. हे कर्ज अर्थसंकल्पाच्या बाहेर राहिले, म्हणून तुटीच्या आकड्यात दिसले नाही. परतफेडीची वेळ आली तेव्हा मात्र ते तिजोरीवरच आले, कारण महामंडळाला पाणीपट्टीतून मिळणारे उत्पन्न व्याजालाही पुरणारे नव्हते. पैसा उपलब्ध होता म्हणून अनेक प्रकल्प एकाच वेळी सुरू झाले आणि ते अपुरे राहिल्याने त्यांचा खर्च फुगत गेला.

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मधील १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाल्याचे दिसले आणि राज्यभर वादळ उठले. २०१२ च्या श्वेतपत्रिकेत सिंचन क्षमता बरीच वाढल्याचा दावा करण्यात आला. परंतु निर्माण झालेली क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले शेत या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुढे काही वर्षे आर्थिक पाहणीत हा आकडा उपलब्ध नसल्याचेच नमूद होत राहिले. बाजारात किंमत ही माहिती देते, असे हायेक यांचे प्रतिपादन आहे. येथे किंमत तर नव्हतीच, तिची जागा घेणारी मोजणीही थांबली.

६. राखीव कराचा अनुभव

विशिष्ट कामासाठी कर लावल्यास तो त्याच कामी लागेल, अशी अपेक्षा असते. १८७८ साली दुष्काळ विमा निधीसाठी नवे कर बसविण्यात आले, दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचे आश्वासन देण्यात आले आणि अफगाण युद्धाचा खर्च येताच ते मोडले गेले. जवळपास शंभर वर्षांनी, १९७५ साली, महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी व्यवसाय कर लावला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेत शहरातील पगारदार ग्रामीण मजुराला काम देण्यासाठी थेट वाटा उचलत होता. १९७७ च्या कायद्याने कामाची मागणी हा हक्क झाला. कर जमा होणे आणि तो पूर्णपणे योजनेवर खर्च होणे यांतील तफावत हा मात्र लेखापरीक्षणाचा नेहमीचा विषय राहिला.

बाजारवादी समीक्षक या दोन्ही उदाहरणांकडे एकाच नजरेने पाहतील. त्यात महत्त्वाचा भेद निसटतो. १८७८ चा निधी मोडला तेव्हा रयतेकडे दाद मागण्याचा मार्ग नव्हता. रोजगार हमीत मजुराच्या हाती कायदा होता, मोर्चा होता आणि मतही होते. राखीव कर पवित्र राहतो तो त्याच्या शीर्षकामुळे नव्हे, तर त्यावर दावा सांगू शकणाऱ्याच्या बळामुळे.

७. टीकेच्या मर्यादा

पहिली मर्यादा हिशेबाच्या व्याप्तीची आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास केला व तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. केवळ पाणीपट्टीच्या उत्पन्नावरून तोट्याचे ठरणारे कालवे उत्पादन, रोजगार, व्यापार आणि दुष्काळ निवारणावरील खर्चातील बचत यांचा विचार करता समाजाला लाभदायक ठरू शकतात, ही दृष्टी त्यातून रुजली. पाणीपट्टीतून भांडवल वसूल होत नाही, एवढ्यावरून प्रकल्प निरर्थक ठरविणाऱ्यांना या अभ्यासाची दखल घ्यावी लागेल. मात्र अप्रत्यक्ष लाभाचा हा युक्तिवाद वाटेल त्या प्रकल्पाला परवाना म्हणून वापरला गेला, हेही तितकेच खरे.

दुसरी मर्यादा ज्ञाननिर्मितीची. खडकवासला येथील संशोधन केंद्रात नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या प्रतिकृतींवर जे प्रयोग होतात, त्यांचा लाभ कोणा एका ग्राहकापुरता रोखून धरता येत नाही. अशा खर्चाची किंमत बाजार ठरवू शकत नाही.

तिसरी मर्यादा तुटीच्या आकड्याची. २००३ चा केंद्राचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा वित्तीय उत्तरदायित्व कायदा बाजारवादी टीकेचे यश मानला जातो. परंतु तुटीची एकूण मर्यादा पाळण्यासाठी कात्री लागते ती प्रथम देखभालीला. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही, नव्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला राजकीय वजन असते आणि कालव्याच्या अस्तराला मत नसते. तूट कमी दाखविणारा अर्थसंकल्प उद्याच्या फुटीची तरतूद करीत असू शकतो. न केलेली दुरुस्ती हेही कर्जच आहे आणि ते कोणत्याही ताळेबंदात नोंदले जात नाही.

चौथी मर्यादा पर्यायाची. शासन किंवा बाजार या द्वंद्वाबाहेरचे प्रयोग महाराष्ट्रात झाले आहेत. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीऐवजी माणशी ठरविला, भूमिहीनांनाही हक्क दिला, उसाला मनाई केली आणि लाभधारकांकडून भांडवलाचा हिस्सा आगाऊ घेतला. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी मोजून पाणी घेतले आणि मोजून पट्टी भरली. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याला अशा अनुभवांची पार्श्वभूमी आहे. किंमत मोजणे आणि न्याय्य वाटप करणे यांत विरोध नाही, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. शेतकरी फुकट पाणी मागतो हा शासनाचा आणि शेतकरी केवळ भावाला प्रतिसाद देतो हा बाजारवाद्यांचा, असे दोन्ही समज त्यामुळे दुरुस्त करावे लागतात.

८. समारोप

मुक्त बाजारवादी टीकेने सार्वजनिक वित्तव्यवहाराला लपलेली किंमत शोधण्याची दृष्टी दिली. निर्यातबंदीतील अदृश्य कर, हमीच्या आडचे कर्ज आणि मोबदल्याविना वळविलेले पाणी या दृष्टीमुळे दिसू लागते. तिचे हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु खर्चाचा आकार कमी करणे हेच तिने उद्दिष्ट मानले की ती लिटनच्या कमानी आणि मुलींची शाळा एकाच स्तंभात मांडते. फुले आणि गोखले यांनी ही चूक केली नाही.

खडकवासला प्रकल्पाच्या संदर्भात यातून निघणारी मागणी मोजकी आहे. शहर आणि शेती यांनी उचललेले पाणी मोजले जावे व जाहीर व्हावे. शहराने कोट्याबाहेर घेतलेल्या पाण्याचा मोबदला पुच्छभागातील शेतकऱ्याला मिळावा. देखभालीची थकबाकी कर्जाप्रमाणे अर्थसंकल्पात नोंदविली जावी. पाणीपट्टी भरणाऱ्या संस्थेला पाणी न मिळाल्यास दाद मागता यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी शासन मोठे किंवा लहान करण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती धरणाच्या भिंतीपासून इंदापूरच्या शेवटच्या चारीपर्यंत एकच हिशेब चालविण्याची.